कैलासशेठचा दुसरा कॉम्प्युटर

खोटं बोलायलाही थोडी मेहनत घ्यावी लागते, आणि कुसगावच्या कैलासशेठला मेहनतीचं जन्मजात वावडं. त्यामुळे त्याचं खोटं कायम अर्धकच्चं असतं. मी हे रागाने म्हणते आहे हे मान्य, पण उगाच म्हणत नाही. मी विम्याच्या गाड्यांची पाहणी करते. अपघात झाला, आग लागली, गाडीवर झाड पडलं की विमा कंपनी मला पाठवते. मी गाडी बघते, फोटो काढते, माणसांशी बोलते आणि काय झालं असावं ते लिहून देते. देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंतचा पट्टा माझा. सतरा वर्षांत इतके खोटारडे पाहिले, की एखादा नीट रचून खोटं बोलला तर आता मला त्याचं कौतुक वाटतं. कैलासशेठचं कधी वाटलं नाही.

‘शेठ’ हे त्याचं त्यानेच लावून घेतलेलं. वडील रखमाजी भातशेती करणारा सरळ माणूस. त्यांनी रस्त्याकडेची जमीन एका हॉटेलवाल्याला भाड्याने दिली आणि दोन वर्षांत वारले. तेव्हापासून कैलासला काम करायची गरज उरली नाही, आणि ते त्याला चांगलंच मानवलं. त्याआधी तळेगावकडे एका कंपनीत आठ महिने होता. ‘साहेब लोकांना अक्कल नव्हती’ म्हणून नोकरी सोडली, असं तो सांगतो. मग मोबाईलचं दुकान काढलं, ते बंद पडलं. मग चिक्कीचं काढलं. लोणावळ्यात चिक्कीचं दुकान बुडवणं ही सोपी गोष्ट नाही, पण याने ते दीड वर्षात करून दाखवलं. शेवटी पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला येणाऱ्या पाहुण्यांची ने-आण करायला गाड्या घेतल्या, ड्रायव्हर ठेवले आणि छातीवर गॉगल लटकवून उभं राहायचा धंदा सुरू केला. तो मात्र चालला, कारण त्यात त्याला काहीच करायचं नव्हतं.

काही लोकांना माणूस पत्रिकेवरून कळतो, मला क्लेमच्या फॉर्मवरून कळतो. कैलासचा पहिला फॉर्म मोटारसायकलचा होता. त्यावर लिहिलं होतं, ‘म्हैस आडवी आली.’ मडगार्डला निळा ऑइलपेंट लागला होता. मी विचारलं, “म्हैस निळी होती का?” तर म्हणतो, “पोळ्याला रंगवली असेल, मॅडम.” पोळा बैलांचा असतो, आणि तो होऊन चार महिने उलटले होते. शेजारच्याच बंगल्याचं निळं गेट वाकलेलं मला रस्त्यावरून दिसत होतं.

दुसरा फॉर्म गाडीच्या बॉनेटचा. कारण, गारपीट. बॉनेटवर खड्डे होते खरे, पण ते सगळे जोडीजोडीने होते, आणि प्रत्येक जोडीत एक खड्डा गोल, एक लांबट. गारांना टाचा असतात हे मला त्या दिवशी कळलं. कुणाच्या तरी वरातीत मित्रमंडळी गाडीवर चढून नाचली होती. दोन्ही वेळा पकडला गेल्यावर गडी शरमला का? छे. हसला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही लय बारीक बघता.” जसं काही मी त्याचं काही बघत होते.

तिसरा फॉर्म गेल्या वर्षीचा. त्याचं सांगायचं म्हणजे आधी त्या कॉम्प्युटरचं सांगावं लागेल. हे सगळं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते. यात गुपित राखण्यासारखं काही नाही.

आजकालच्या गाडीच्या इंजिनाला एक कॉम्प्युटर असतो. वहीएवढा ॲल्युमिनियमचा चपटा डबा, बॅटरीशेजारी दोन बोल्टांवर बसवलेला. इंजिनाला डिझेल किती सोडायचं ते तो ठरवतो, आणि काही बिघडलं तर ड्रायव्हरसमोर दिवा लावतो. कैलासकडे सात माणसांची काळी डिझेल गाडी होती. दुधिवरे खिंडीच्या चढाला कामशेतच्या कुठल्याशा गाडीने तिला एकदा मागे टाकलं. बास, शेठची झोप उडाली. तो चिंचवडच्या एका लॅपटॉपवाल्याकडे गेला. हा लॅपटॉपवाला तसाच एक जुना कॉम्प्युटर आणतो, तुमच्या गाडीतली माहिती त्यात उतरवतो आणि त्याला जास्त डिझेल सोडायला शिकवतो. गाडी चढावर उधळते. इंजिन मात्र आतून भाजत राहतं. आणि दिवा लागला की गिऱ्हाईक भांडायला येतं, म्हणून दिवा लागूच नये अशीही सोय तो करून देतो. मूळचा कॉम्प्युटर फडक्यात बांधून परत देतो आणि सांगतो, “तपासणी निघाली की हा बसवायचा.” विमा कंपनीला कळवायचा प्रश्नच नसतो.

ही गाडी चालवायला होते दत्तोबा. पवनानगरचे, वय अठ्ठावन्न. बत्तीस वर्षं गाडीवर, त्यातली वीस वडापच्या जीपवर, माणशी भाडं घेऊन. वडापच्या जीपमध्ये माणसं कशी भरतात हे ज्याने पाहिलंय त्याला त्या वीस वर्षांची किंमत कळेल. इतक्या काळात त्यांच्या हातून कोंबडीसुद्धा मेली नव्हती. दुसरा कॉम्प्युटर बसवल्यावर चौथ्या दिवशी ते शेठला म्हणाले, “शेठ, गाडी हिसकं देतीया. इंजनाचा आवाज बदललाय.” शेठ म्हणाला, “तुमचे कान म्हातारे झालेत. दीडशे घोडे आहेत आता त्यात.”

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी खिंडीच्या चढाला ते दीडशे घोडे पेटले. बॉनेटखालून धूर, मग ज्वाळा. दत्तोबांनी गाडी कडेला घेतली, पाचही पाहुण्यांना बाहेर काढलं, बॉनेट उचललं आणि माती अन् घोंगडी टाकून आग विझवली. बॉनेटचा खटका तापलेला होता, त्यात उजवा तळवा भाजला. पाहुण्यांनी मदत काय केली? व्हिडिओ काढले.

या माणसाला खरं म्हणजे कुणीतरी हार घालायला हवा होता. पण कैलासशेठने गावात पसरवलं काय, तर ‘दत्तोबांनी गाडी जाळली. दिवा लागला होता, तरी दामटत राहिले.’

हे एवढ्यावर राहिलं असतं तर दत्तोबांनी ऐकून सोडून दिलं असतं. पण पवनानगरच्या एका शाळेने त्यांना शाळेच्या गाडीवर बोलावलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. बत्तीस वर्षं पोटासाठी वाट्टेल त्याला बसवून फिरल्यावर गावाची पोरं कुणी तुमच्या हवाली करतं, ही काय साधी गोष्ट झाली? आता शाळेच्या मुख्य बाईंनी निरोप धाडला होता, ‘जरा थांबा. चौकशीत काय निघतंय ते कळू द्या.’ चौकशी म्हणजे मी. त्या शाळेची गाडी माझ्या एका कागदावर अडली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आग लागलेली गाडी माणूस गॅरेजमध्ये नेतो. कैलासशेठने ती कुसगावला स्वतःच्या अंगणात आणून ठेवली होती. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी पोचले तेव्हा दत्तोबा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते, हाताला पांढरं बँडेज. कैलास खुर्चीत होता. खुर्च्या दोन होत्या, दुसरी रिकामी होती. ती माझ्यासाठी, असं तो म्हणाला.

“मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून मी सगळं तयारच ठेवलंय,” असं म्हणून त्याने टाईप केलेला कागद पुढे केला. दत्तोबांचा जबाब. ‘मी इंजिनचा दिवा लागलेला पाहिला, परंतु दुर्लक्ष करून गाडी चालवत राहिलो, त्यामुळे आग लागली. सदर चूक माझी आहे.’ खाली सहीची जागा कोरी.

यातली मेख सांगते. ड्रायव्हरच्या चुकीने आग लागली तरी विम्याचा क्लेम मिळतो. गाडीत न कळवता फेरफार केला असेल तर मात्र हात हलवत परत जावं लागतं. म्हणून कैलासशेठला एक चुकलेला ड्रायव्हर हवा होता. त्याच्या दृष्टीने हे फार काही नव्हतं. एक सही तर करायची!

“सही का केली नाही, भाऊ?” मी दत्तोबांना विचारलं.

“दिवा लागलाच न्हाई, ताई.”

“तुमचं लक्ष गेलं नसेल.”

“बत्तीस वरीस दुसरं काय केलंया म्या? रस्ता बघायचा आन् काटं बघायचं. दिवा लागला न्हाई. लागला असता तर खिंडीच्या खालीच गाडी उबी केली असती.”

“म्हातारपणी होतं असं, मॅडम,” कैलास म्हणाला. मग त्यांच्याकडे वळून, आवाजात साखर घालून, “दत्तोबा, कशाला ताणता? सही करा. मी काय तुम्हाला काढतोय का? जन्मभर ठेवतो माझ्याकडे.”

“जलमभर तुमच्याकडं ऱ्हायचं म्हनून शाळंच्या पोरांवर पानी सोडू व्हय?” दत्तोबा म्हणाले. “ह्या कागदावर सही केली तर शाळा सोडा, कुनी मला बैलगाडी बी देनार न्हाई.”

अशी मला शाळेची गोष्ट कळली.

कैलासने मग खिशातून किल्ली काढली, जादूगाराने रुमालातून कबुतर काढावं तशी. “म्हणे दिवा लागला नाही! बघा ना मॅडम, तुम्हीच बघा.” त्याने किल्ली फिरवली. समोर इंजिनचा दिवा लखलखीत लागला. “आहे की नाही ठणठणीत?”

दत्तोबा उठून खिडकीपाशी आले आणि त्या दिव्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. माणसाला स्वतःच्याच डोळ्यांचा भरवसा वाटेनासा झाला की तो कसा दिसतो, ते तिथे दिसत होतं. आणि लाज वाटते सांगायला, पण क्षणभर माझाही भरवसा उडाला. म्हटलं, वय झालंय, नसेल दिसला. सतरा वर्षांचा अनुभव आणि एका दिव्याने मला गुंडाळलं! त्या क्षणाचा राग मी अजून कैलासवर काढते आहे.

मी माझं मशीन गाडीला जोडलं. हे मशीन जोडलं की गाडीचा कॉम्प्युटर आजवर काय काय बिघडलं ते सांगतो. इंजिन पेटायच्या आधी कॉम्प्युटरने नुसता आकांत मांडायला हवा होता. याच्यात आग लागायच्या आधीची एकही नोंद नव्हती. अंगणातल्या गाडीचं तोंड जळून काळं झालेलं आणि तिच्या मेंदूला आगीची खबरच नाही.

“बॅटरी काढली होती मी,” कैलास लगेच म्हणाला. “नोंदी उडाल्या असतील.”

मी काही विचारलंही नव्हतं. अर्धकच्च्या खोट्याची हीच खूण, उत्तर प्रश्नाच्या आधी येतं. पण नोंदी उडू शकतात हेही खरं होतं. तेवढ्यावर मला काही लिहिता आलं नसतं.

“कॉम्प्युटरचा नंबर बघायचाय,” मी म्हटलं. नंबर खालच्या अंगाला असतो.

“हात काळे होतील, मॅडम. मी फोटो पाठवतो ना व्हॉट्सॲपवर.”

“माझे हात सतरा वर्षं काळेच आहेत. पाना द्या.”

पाना त्याने दिला नाही. दत्तोबांनी दिला, डाव्या हाताने. आग इंजिनाच्या मागच्या बाजूला होती, त्यामुळे बॅटरीकडचा भाग जळला नव्हता, फक्त सगळीकडे काजळी धरली होती. कॉम्प्युटरच्या वरच्या अंगालाही काजळी होती. पण ती बसलेली नव्हती, फासलेली होती. चार बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते. शेठने एवढी मेहनत घेतली होती. मी दोन बोल्ट काढले आणि डबा उलटा केला.

खाली पाच बोटं हळदीची. मधोमध कुंकवाचा टिळा, लालभडक. हळदीत दोन अक्षता रुतलेल्या, आणि वायरीच्या खोबणीत झेंडूची एक सुकलेली पाकळी.

मला हसू आलं आणि संतापही आला, आणि कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही.

आमच्या घरी खंडेनवमी नसते, दसऱ्याला आम्ही विहारात जातो. पण माझे वडील देहूरोडला डेपोत फिटर होते, आणि तिथे खंडेनवमीला प्रत्येक लेथला हळदकुंकू लागायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा करणारे सुट्टीवर आणि बाबा रॉकेलचं फडकं घेऊन मशिनी पुसायला. हळद कुठे कुठे शिरते हे मी त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकत आले आहे. हत्यारांची पूजा हत्यारं मांडून करतात. बॅटरीच्या आड, बोल्टांच्या खाली, उलट्या अंगाने कुणी कुंकू लावत नाही. हा डबा खंडेनवमीला गाडीत नव्हताच. तो कुणाच्या तरी पाटावर होता.

“हे काय, कैलास?”

“पूजा केली होती गाडीची, नवरात्रात.”

“बोल्ट काढून? खालच्या बाजूने?”

“आमच्याकडे कडक असतं, मॅडम,” तो म्हणाला.

खरं सांगते, निळी म्हैस याच्यापेक्षा बरी होती.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. नंदाबाई. सत्तरीच्या, हाडाने काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट. ट्रेमध्ये तीन कप, दत्तोबांचाही त्यात होता. मी डबा तसाच हातात धरून विचारलं, “मावशी, ही पूजा तुम्ही केलीत?”

मागून कैलासला एकदम खोकला लागला. नंदाबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांना माझ्या विचारण्यात कौतुक ऐकू आलं असावं.

“व्हय की! खंडेनवमीला. कोयता, इळा, शिलाईचं मशीन आन् ह्यो. कैलास म्हनला व्हता, आये, लय म्हागाची वस्तू हाय, गाडीचा मेंदूच हाय ह्यो, नीट जपून ठेव. मंग म्या देवाजवळच ठेवला फडक्यात. सनाला सगळ्यास्नी हळदकुकू लावायचं आन् मेंदूला न्हाई, असं कसं?”

“आणि गाडीत परत कधी बसवला?”

“गाडी जळून आली न्हवं, त्या रातीच ह्यानं मागून घेतला. म्या म्हनलं, आता कशाला? तर म्हनला, दुरुस्तीला लागतोया.”

“आये!” कैलास ओरडला. सगळा पुणेरी मुलामा एका क्षणात उतरला. “तुला कुनी सांगितलंतं मधी तोंड घालायला? अक्कल हाय का तुला? पूजा करतीया! सगळं वाटोळं केलं म्हातारीनं.”

नंदाबाईंच्या हातात ट्रे होता. तो त्यांनी सावकाश ओट्यावर ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग दत्तोबांच्या बँडेजकडे. आपण काय सांगून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं, आणि का सांगायला नको होतं तेही कळलं. कैलासच्या अंगावर धावून जावं असं मला वाटत होतं. आजवर अनेकांनी माझ्यासमोर बायकोवर, भावावर, मेलेल्या बापावर दोष ढकललाय. आईच्या देवघरावर ढकलणारा हा पहिलाच.

मी वही काढली. “मी हे असंच लिहिणार आहे. कॉम्प्युटर बदललेला होता, दिवा लागत नव्हता, चालकाचा दोष नाही.”

त्यावर कैलासशेठने आयुष्यात पहिल्यांदा डोकं चालवलं. गॉगल शर्टाला नीट अडकवला आणि म्हणाला, “तुम्ही कशाला लिहिताय? मी क्लेमच मागे घेतो. मग तुमचा रिपोर्ट कुठून येणार?”

आणि ते बरोबर होतं. क्लेम मागे घेतला की फाईल एका ओळीत बंद होते. माझी पाहणी, फोटो, कुंकू, सगळं कपाटात. गाडीमालकाने क्लेम का मागे घेतला हे कुणी विचारत नाही, कंपनीला तर आनंदच होतो. त्याने तिथल्या तिथे मोबाईलवरून अर्ज पाठवला. कारण लिहिलं, ‘वैयक्तिक’. पाठवून झाल्यावर चहाचा कप उचलला. त्याचं नुकसान झालं होतं, पण दत्तोबांचं नाव साफ करणारा कागद आता कुठेच लिहिला जाणार नव्हता, आणि त्याचं त्याला समाधान झालेलं दिसत होतं. हरताना दुसऱ्याला बरोबर घेऊन बुडावं, एवढीच त्याची झेप.

“मंग ताई,” दत्तोबांनी विचारलं, “शाळंत काय सांगू?”

“मी फोन करून सांगेन बाईंना,” मी म्हटलं.

“फोनवर कुनाला खरं वाटतंय? समदं गाव म्हनतंय दत्तोबानं गाडी जाळली.”

नंदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “म्हंजी दत्तोबाची चूक न्हवती, ह्ये कुटंच लिव्हनार न्हाई?”

“नाही, मावशी. आता नाही.”

त्या उठल्या. खुर्चीवर तो टाईप केलेला जबाब पडला होता, सही नसलेला. तो त्यांनी उचलला, उलटा केला आणि मला दिला. “ह्याच्या मागं लिवा. म्या सांगते तसं.”

हे माझ्या कामात बसत नाही. पाहणी करणाऱ्याने कुणाच्या बाजूने चिठ्ठ्या लिहायच्या नसतात. मी लिहिलं. ‘माझ्या मुलाने गाडीचा कॉम्प्युटर बदलला होता. मूळचा माझ्या देवघरात होता. मी त्याची खंडेनवमीला पूजा केली. गाडी जळाल्यावर मुलाने तो परत बसवला. दत्तोबांना दिवा दिसला नाही, कारण तो लागतच नव्हता. त्यांनी पाच माणसं वाचवली.’ शेवटचं वाक्य मी घातलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. बचत गटात शिकलेली सही त्यांनी एकेक अक्षर दाबून केली.

“आये, लोक काय म्हनतील?” कैलास म्हणाला. हात मात्र त्याने कागदाला लावला नाही. माझी भीती वाटली असेल.

कागद घ्यायला दत्तोबाच तयार होईनात. “नगं, वैनी. पोरगं तुमचं हाय.”

“म्हनूनच म्या लिव्हून देते,” नंदाबाई म्हणाल्या. “दुसऱ्या कुनाचं असतं तर मला काय करायचं व्हतं?”

तरी दत्तोबांनी घेतला नाही. नंदाबाई त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः वडापच्या जीपने पवनानगरला गेल्या आणि तो कागद शाळेत नेऊन दिला. शाळेच्या बाईंनी मला फोन करून विचारलं, ‘हे खरं आहे का?’ मी सांगितलं, ‘शब्द न् शब्द.’ सोमवारी दत्तोबा शाळेच्या गाडीवर बसले. बँडेज सुटायचं होतं आणि नव्या चालकासाठी शाळेचा नियमही होता, म्हणून पहिला आठवडा त्यांना नुसतं बाजूला बसवून रस्ता दाखवला. त्यांना! त्या रस्त्यावर बत्तीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला! पण ते हसून म्हणाले म्हणे, की नियम हाय तर हाय.

आणि कैलासशेठ? त्याला काय धाड भरलीय? जळकी गाडी भंगारात गेली, त्याने दुसरी घेतली. गावात कुणी त्या कागदाचं काढलं की तो आवाज खाली आणून, चेहरा दुःखी करून सांगतो, “आईचं डोकं फिरलंय हो. वय झालं. मॅडमने फसवून सही घेतली तिची.” चिक्कीच्या दुकानापेक्षा ही बातमी त्याने जास्त नेटाने चालवली आहे. कुसगावातल्या चार जणांनी तरी मला विचारलं, ‘नंदाबाईंना विसर पडतो का हल्ली?’ ज्या बाईला कोयत्यापासून कॉम्प्युटरपर्यंत कशाकशाला कुंकू लावलं ते महिन्यानंतरही तोंडपाठ, तिला वेडी ठरवलं! पोटच्या पोराने, स्वतःची अब्रू वाचवायला, जी मुळात नव्हतीच. माणसाची कीव यावी असं वय आहे माझं आता, पण याची येत नाही. तिडीक येते.

फेब्रुवारीत लोणावळ्याच्या बाजारात नंदाबाई भेटल्या. पिशवीत मेथी आणि वांगी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, “मावशी, कैलास तुमच्याबद्दल काय सांगत फिरतोय, कानावर आलंय ना?”

“आलंय की. म्हातारी येडी झाली म्हनतोय.”

“तुम्हाला काही वाटत नाही?”

“वाटतंय. लय वाटतंय,” त्या म्हणाल्या. मेथीची जुडी पिशवीत नीट खाली दाबली. “पर ताई, येडीच्या सहीवर कुनी शाळंच्या गाडीला डायवर ठेवतं व्हय?”